नारूवरच्या घावांची सरासरी

मास्तरांनी मला सहा वर्षं फसवलं. आरमोरीच्या बाजारात धानाचं पोतं बाहेरून दाबून आतला ओलावा सांगणारा मी, आणि गणिताच्या एका मास्तरानं दर रविवारी दुपारी समोर बसवून मला फसवलं. हे मी त्यांच्या तोंडावर बोललो होतो. पण तेव्हा मला वाटलं होतं ते वेगळं आणि निघालं ते वेगळं.

मास्तरांना कशाचीही सरासरी काढायची खोड होती. एसटी किती उशिरा येते, वर्गात किती पोरं डोळे चोळत बसतात, सगळ्याची. नव्वदच्या दशकात ते प्रशिक्षणासाठी नागपूरला गेले आणि फुटपाथवरून एक फाटकं इंग्रजी पुस्तक घेऊन आले. लढाईच्या खेळाचं. प्रत्येकानं एक योद्धा घ्यायचा, त्याच्या नावानं बोलायचं आणि फासे टाकून राक्षसांशी लढायचं. आधी एक फासा वार लागतो का ते पाहायला, आणि लागला की घावाच्या फाशांवरचा आकडा समोरच्याच्या जिवातून वजा. मास्तरांनी ते मराठीत उतरवलं, राक्षस आणून आपल्या सागवानाच्या जंगलात बसवले आणि शाळेच्या ओसरीवर खेळ मांडला. खेळणारे दोघं: दवाखान्यातल्या नर्स सिंधूबाई आणि मी. राक्षसांचे फासे मास्तर टाकत, उभ्या पाटीच्या आड. कोणत्या राक्षसाचा जीव किती, हे आम्हाला कळू नये म्हणून.

पहिल्याच दिवशी मी कुऱ्हाड मागितली. कुऱ्हाडीला दोन फासे, म्हणजे बारापर्यंत घाव. तलवारीला एक फासा आणि वर दोन, म्हणजे फार तर आठ. मास्तर हसले. "भाऊ, तुमी बाराचा आकडा पाहून राह्यले. तो येते किती वेळा, ते पाहा." कुऱ्हाड फक्त पाच किंवा सहा पडले तरच लागे, तलवार चारलाही लागे. त्यांनी खडूनं जमिनीवर मांडून दाखवलं. कुऱ्हाडीचा घाव सरासरी सात, पण तीनात एकदाच लागणार, म्हणजे वारामागे सव्वादोनच्या थोडं वर. तलवारीचा साडेपाच, पण निम्म्या वेळा, म्हणजे पावणेतीन.

"मग कुऱ्हाड चारवर लागू द्या," मी म्हणालो.

"हे बजार नाई, भाऊ."

"सगळा बजारच असते, मास्तर."

सिंधूबाई म्हणाल्या, "घ्या तलवार, नाईतर इथीच संध्याकाळ होईन." मी तलवार घेतली. त्या दिवसापासून सरासरी मला कळली, आणि धंद्यातही उपयोगी पडली.

माझ्या योद्ध्याचं नाव मी नारू ठेवलं. नारू माझा धाकटा भाऊ. आम्ही वैनगंगेत मासे धरून पोट भरणारे. मी डोक्यावर टोपली घेऊन बाजारात बसत होतो आणि त्याच टोपलीतून पुढे धानाच्या व्यापारात आलो. एका सकाळी मी गिऱ्हाइकाशी भावावरून भांडत होतो आणि नदीत नारू जाळ्यासकट खाली गेला. सातवीत होता. मास्तरांच्याच वर्गात. मी नाव सांगितलं तेव्हा मास्तरांनी खडू खाली ठेवला, चष्मा पुसला आणि कागदावर लिहिलं: नारू, जीव चाळीस. घावानं गेलेला जीव खेळातल्या औषधानं पुन्हा भरता यायचा.

दुसऱ्याच रविवारी राक्षसानं नारूला एकवर आणलं. मी उठून उभा राहिलो. मास्तर म्हणाले, "बसा भाऊ. सरासरी म्हणजे वचन नाई. कधी कमीही येते." पुढचा वार त्यांनी टाकला आणि म्हणाले, चुकला. त्यानंतर सहा वर्षं नारू मेला नाही. मी समजत होतो, मी हुशारीनं खेळतो.

सहाव्या वर्षी आमचं फाटलं. त्या दुपारी राक्षस लागोपाठ नारूवरच चालून येत होते. मी चिडलो. "पाटी काढा, मास्तर. मले फासे पाहू द्या." त्यांनी चटकन फासे मुठीत घेतले. मला पुरावा मिळाला. मी ओरडलो, "फासे फिरवता तुमी! बेइमान!"

मास्तर शांतपणे म्हणाले, "हो भाऊ. फिरवतो."

एवढंच. मी उठलो, तो परत त्या ओसरीवर चढलो नाही. बाजारभर सांगत सुटलो की मास्तर खोटा आहे. लोक हसायचे, पण ऐकायचे. वर्षभरात त्यांची बदली एटापल्लीकडे झाली. ज्या दिवशी ते निघाले त्या दिवशी मी दुकानातच होतो. स्टँड दीडशे पावलांवर. गेलो नाही. पावसाळ्यात मलेरिया त्यांच्या डोक्यात चढला आणि ते गेले.

शोकसभेत सगळे त्यांना साधू म्हणाले. मला राग आला. नारूवर झालेला प्रत्येक घाव मी तारखेनं लिहून ठेवला होता, कारण माझा कोणावर भरवसा नसतो. घरी येऊन ते कागद काढले. राक्षसाचा घाव दोन फाशांचा, सरासरी सात यायला हवी. माझी जास्त येईल, मग दाखवतो सगळ्यांना. घाव निघाले दोनशे दहा. बेरीज आठशे ब्याऐंशी. सरासरी चार पूर्णांक दोन.

मी तीनदा बेरीज केली. मग सिंधूबाईंकडे जाऊन त्यांच्या योद्ध्याचा जीव वजा केलेले कागद मागितले. त्यांच्या घावांची सरासरी सातच. राक्षस त्यांना खरं मारत होते. माझे दोनशे दहा घाव सातनं चौदाशे सत्तर व्हायचे; त्यातले पाचशे अठ्ठ्याऐंशी मास्तरांनी पाटीमागे गिळले होते. खरे फासे असते तर चाळीस जिवाचा नारू चौदा वेळा मेला असता.

"तुमी मास्तरच्या बाजूलेच बसत होत्या," मी म्हणालो. "तुमाले दिसत होतं."

"दिसत होतं."

"मग काऊन नाई सांगितलं?"

"मले काय विचारता, भाऊ? त्याइले विचाराचं होतं. जिते होते तवा."

म्हणून आता तुम्हालाच विचारतो, मास्तर. मी आयुष्यात कोणाची फुकटची मेहेरबानी घेतली नाही आणि तुम्ही ती सहा वर्षं माझ्या गळ्यात घातलीत. ती माझ्यासाठी होती, की तुमच्या वर्गातल्या नारूसाठी? तुम्हालाही तो दुसऱ्यांदा बुडताना पाहवत नव्हता का? आणि मी भर ओसरीवर बेइमान म्हणालो, तेव्हा "फिरवतो" म्हणून थांबलात. कोणाच्या बाजूनं फिरवतो, एवढं सांगणं जड होतं? मी बाजारभर तुमचं नाव नासवलं, तेही ऐकून घेतलंत. मला हे देणं डोक्यावर घेऊन जगायला लावलंत. जबाब द्या, मास्तर. काऊन नाई बोलले तुमी?