आधी बट, मग डोकं

बटवहिनी हे नाव त्यांना गल्लीने दिलं. त्यांनी ते पाटीवर लिहिलं नाही एवढंच. कारण साधं होतं. वहिनींच्या पार्लरमध्ये कुणीही रंगासाठी येवो, आधी मानेवरची एक बारीक बट धरायची, तिच्यावर रंग लावून बघायचा, थांबायचं आणि मगच उरलेल्या डोक्याला हात. घाईच्या बायका चडफडायच्या. एकीने तर विचारलंच, "वहिनी, नवरा पण असाच आधी करंगळी तपासून घेतलात का?"

"तिथेच चुकले ना! तेव्हापासून तर नियम केला."

आतल्या खोलीत नवरा पेपर वाचत होता. पेपर जराही हलला नाही.

पार्लर म्हणजे तळमजल्यावरच्या घराची बाहेरची खोली. एक मोठा आरसा, एक बेसिन, ज्याचं गरम पाणी स्वयंपाकघरातला नळ उघडला की गार होतं, आणि दोन खुर्च्या. त्यातली बेसिनजवळची वर जाते, पण खाली येत नाही. उतरताना वहिनी हात देतात. अठरा वर्षं हे असंच चाललंय, आणि या अठरा वर्षांतलं पहिलं डोकं नणंदबाईंचं. वहिनी कोर्स करून आल्या तेव्हा सासूबाईंपासून शेजारणींपर्यंत कुणीही केस त्यांच्या हाती द्यायला तयार नव्हतं. नणंदबाई मात्र खुर्चीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "घे वहिनी माझं डोकं. बिघडलंच तर स्कार्फ आहे." एवढ्या एका वाक्यावर वहिनींनी त्यांना जन्मभराचं झुकतं माप देऊन टाकलं.

म्हणूनच स्वतःच्या केसांचं गुपितही त्यांनी एकट्या नणंदबाईंनाच सांगितलं होतं. वहिनींचा तो भला थोरला अंबाडा बघून बायका विचारायच्या, "तेल कोणतं लावता हो?" अहो, कसलं तेल! तो निम्म्याहून जास्त गंगावन होता. मोठ्या आजारपणात केस गेले, ते परत आलेच नाहीत. रोज सकाळी दार लावून, अकरा पिना खोचून तो अंबाडा उभा राहायचा.

पण गेल्या काही महिन्यांत काहीतरी बिनसलं होतं. बायका बोलता बोलता अंबाड्याकडे बघायच्या. चष्मेवाली म्हणून एक गिऱ्हाईक आहे, ती तर एकदा म्हणाली, "वहिनी, पंखा बारीक करू का? उडेल बिडेल काहीतरी," आणि तिची मैत्रीण ओठ चावत खिडकीबाहेर बघायला लागली. वहिनींनी अंबाड्याच्या पिना चाचपून बघितल्या. कुणी सांगितलं असेल?

त्या दुपारी नणंदबाई आल्या त्या फर्माईश घेऊनच. "वहिनी, या काळ्याचा कंटाळा आला बाई. पंधरा दिवस झाले की भांगात पांढरी रेघ. छान मधासारखा रंग कर. पांढरे त्यात मिसळून जातील."

"ताई, काळ्यावर फिका चढत नाही. आधी काळा उतरवावा लागतो."

"मग उतरव की. तुझ्याच हातचा आहे."

खरं तर सहा महिने नणंदबाई रंग लावायला आल्याच नव्हत्या. गुडघे दुखतात, घरीच लावते, तू ट्यूब तेवढी दे, असं म्हणाल्या होत्या. वहिनी दर महिन्याला ट्यूब पोचवत होत्या, वर नवा ब्रशही.

"दुसरं काही लावलं नाहीत ना? खरं सांगा. उतरवायच्या पावडरीचं सगळ्यांशी पटत नाही."

"दुसरं? तुझ्या डोक्यावर हात ठेवून सांगते!" म्हणत नणंदबाईंनी खरंच हात उचलला. वहिनी झटकन मागे सरल्या. अंबाडा होता ना!

शपथ झाली, तरी नियम तो नियम. वहिनींनी मानेवरची बट घेतली, पांढरा लेप लावला, चकचकीत कागदात गुंडाळली आणि घड्याळाकडे बघितलं. दहा मिनिटं झाली नसतील तोच नणंदबाई ओरडल्या, "अगं, चटका बसतोय!"

कागद चहाच्या कपासारखा तापला होता. उघडला तर आत वाफ आणि जळक्या रबराचा वास. वहिनींनी बट भराभर धुतली, टॉवेलने टिपली आणि उजेडात धरली.

टोकाकडे, जिथे वहिनींचा जुना रंग होता, तिथे ती पितळेसारखी झाली होती, नेहमी होते तशी. अगदी मुळाशी तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं. आणि या दोहोंच्या मधे एक पट्टा, हिरवट काळा, शेवाळासारखा, ओढला तर ताणला जाणारा.

वहिनींनी पट्ट्यावर बोटं टेकवली. चार. चार बोटं केस वाढायला सहा महिने लागतात. आणि लेपाशी न पटून असा पट्टा पाडणारी काळ्या रंगाची पूड आसपास एकच बाई वापरायची, चौकातली कैचीबाई. ही वहिनींची जुनी भागीदारीण. जाताना निम्मी गिऱ्हाइकं फोडून घेऊन गेली आणि सहा महिन्यांपूर्वी तिने चौकात दुकान थाटलं. त्या दिवशी याच खुर्चीत बसून नणंदबाई म्हणाल्या होत्या, "तिच्या दारात पाय ठेवला तर मला नणंद म्हणू नकोस."

"ताई, पितळ उघडं पडलं की हो."

"म्हणजे रंग छान आला?"

वहिनींनी मागून छोटा आरसा धरला. नणंदबाईंनी बट पाहिली, मग समोरच्या आरशात वहिनींचा चेहरा पाहिला.

"एकदाच गेले होते गं."

"चार बोटं आहेत, ताई."

"तिच्याकडची खुर्ची खाली येते. माझे गुडघे..."

"आणि मी दिलेल्या ट्यूबा?"

"तिलाच दिल्या. वाया कशाला घालवायच्या?"

वहिनी टॉवेलची घडी घालत राहिल्या. घातलेली मोडून पुन्हा घातली. मग विचारलं, "तिथे बसून काय बोलायचात?"

"काय बोलणार? इकडचं तिकडचं. तीच म्हणाली, तुमच्या वहिनींचे केस अजून काय दाट आहेत हो! मला राहवेना. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, तुला ठाऊक आहे. मुद्दाम नाही गं सांगितलं."

"मुद्दाम सांगितलं असतंत, तर भांडले तरी असते."

केसाने गळा कापतात, हे वहिनी लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. आपला गळा नसलेल्या केसांनी कापला जाईल, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

"मग आता माझ्या डोक्याचं काय?"

लेपाची वाटी अजून भरलेली होती. बट न बघता तो सगळ्या डोक्याला फासला असता, तर नणंदबाई आज खरंच स्कार्फ बांधून घरी गेल्या असत्या. वहिनींच्या मनात हे आलं नसेल? आलंच असणार, माणूसच आहे. पण त्यांनी वाटी बेसिनमध्ये उपडी केली आणि नळ सोडला.

"हा पट्टा उतरायचा नाही. केस वाढतील तसा खाली जाईल, मग कापायचा. दीड-दोन वर्षं."

"तू कापशील ना?"

वहिनींनी बिघडलेली बट बाकीच्या केसांखाली नीट लपवली, वर पीन लावली आणि गळ्याभोवतीचं कापड सोडलं.

तेवढ्यात दारात चष्मेवाली. "वहिनी, येऊ का? गर्दी नाही ना?"

वहिनींनी दोन्ही हात मागे नेले. एकेक करत पिना काढल्या, सगळ्या अकरा. गंगावन सुटलं, ते त्यांनी आरशाशेजारच्या खिळ्यावर, टॉवेलच्या बाजूला टांगलं. मानेवर उरली करंगळीएवढी शेपटी. चष्मेवालीने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"बसा," वहिनी म्हणाल्या. "आणि पंखा मोठा करा. आता उडण्यासारखं काही राहिलं नाही."

बेसिनजवळच्या उंच खुर्चीतून नणंदबाईंनी सवयीने हात पुढे केला. थोडा वेळ तसाच धरला. वहिनी चष्मेवालीच्या मानेवरची बट शोधत होत्या. मग नणंदबाई खुर्चीचा दांडा धरून, आधी एक गुडघा, मग दुसरा, अशा आपल्या आपणच खाली उतरल्या.