बाटली उभी हाय, तुमी बसा

"बाटली उभी हाय जी, तुमी बसा," असं म्हणून तो येणाऱ्या बाईच्या हातातली रिकामी बाटली घ्यायचा आणि ओट्यावर आधीच्या बाटल्यांच्या मागं ठेवायचा. ठेवताना बुडाला तळहात लावायचा, जणू आत अत्तर आहे. आत असायचा मातीच्या तेलाचा, म्हणजे रॉकेलचा वास, दुसरं काही नाही.

मूल गावच्या बाजारात तेव्हा कंट्रोलच्या तेलाची दोन दुकानं होती. एक माझं, आणि रस्त्यापलीकडं एका शेठचं. हा त्या शेठचा मापारी. दाढीला मेंदी, कानात अत्तराचा फाया. सगळा बाजार त्याला चाचा म्हणे. मी म्हणत नसे. मला तो माणूस बघवत नसे, हे आधीच सांगून टाकतो. पुढं तुम्हाला अंदाज बांधत बसायला नको.

तेल एकच, भाव सरकारनं ठरवलेला एकच. चांद्याहून छोट्या गाडीनं पिंपं यायची तीही एकाच दिवशी. माझी बैलगाडी स्टेशनावर आधी उभी. शेठचं पिंप अजून फलाटावर लोळत असे, तेव्हा माझं दुकान उघडलेलं असे. माझं माप भरलेलं, नरसाळ्यातून थेंब सांडायचा नाही. त्याचा हात थरथरायचा. हिशेबात चुकायचा, आणि मध्येच माप खाली ठेवून कोणाच्या तरी सासूची तब्येत विचारत बसायचा. तरी बाजाराच्या दिवशी त्याच्या बाटल्यांची रांग ओट्यावरून उतरून पार कल्हईवाल्यापर्यंत जायची, आणि मी इकडं माशा मारत बसायचो.

माझ्याकडं थांबावं लागत नाही, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. बाया मान डोलावत आणि पलीकडं जात. मग मीही दारात बाक टाकला, पाण्याचा माठ ठेवला. लोक माझ्या माठातलं पाणी प्यायले आणि त्याच्या रांगेत जाऊन बसले. एकदा तर माझी सख्खी आई त्याच्या ओट्यावर पान लावत बसलेली दिसली. घरात तेलाचं पिंप असताना ती तिथं काय करत होती, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं.

मग एका बाजारी मला वाटलं, सापडला. राजोलीच्या एका म्हाताऱ्या बाईची बाटली मला ओळखू यायची, तिला तणसाचं, भाताच्या पेंढ्याचं बूच असे. ती बाटली रांगेत पुढं आली, आणि यानं ती उचलून गुपचूप शेवटी नेऊन ठेवली. थोड्या वेळानं पुन्हा पुढं आली, पुन्हा मागं. मला इतका आनंद झाला की मी गल्ला उघडा टाकून रस्ता ओलांडला. गरीब बाईला मागं सारून हा आपल्या ओळखीच्यांना तेल देतो, असं मी साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. माणसं जमली. 

बोलली ती बाईच.

"त्यायले काऊन बोलता जी, भाऊ? मीनंच सांगतलं त्यायले. माही पोरगी सासरून, सावलीवून येऊन राह्यली. ते येईपर्यंत माही बाटली मागंच ठेवा म्हटलं. तेल भेटलं का मंग घरी जा लागते."

मी ओट्याकडं पाहिलं. जोड्याजोड्यांनी बाया बसल्या होत्या, आई आणि लेक, बहीण आणि बहीण, डोक्याला डोकं लावून. सासरहून लेकींना बाजाराला सोडत ते तेलासाठी. तेल लवकर मिळालं तर लवकर परतायचं. त्याच्या रांगेत मिळेल तेवढंच माहेर.

"तेलाची घाई तुमाले हाय, भाऊ," तो म्हणाला. "बायायले नाई." आणि त्यानं ती बाटली पुन्हा शेवटी ठेवली.

माझा राग गेला असं तुम्हाला वाटेल. नाही हो, वाढला. ही युक्ती आपल्याला का सुचली नाही, म्हणून मी कितीतरी दिवस जळत होतो. सुचली असती तरी जमली नसती, हेही कळत होतं. मला रिकामी बाटली दिसली की ती भरावीशीच वाटते.

पुढं एका हिवाळ्यात तो तापानं गेला. जनाज्याला खांदा द्यायला एवढी माणसं लोटली की कबरस्तान आलं तरी माझी पाळी आली नाही. तिथंही मला त्याचा हेवाच वाटला.

शेठनं दुकान बंद केलं. आता सगळ्या बाटल्या माझ्याकडं येऊ लागल्या. मी त्या झटपट भरल्या, बाया झटपट गेल्या. माझ्या दारात कधी रांग लागलीच नाही.

एका बाजारी ती राजोलीची बाई आली. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मी नरसाळं उचललं, तर तिनं बाटली मागं घेतली.

"भाऊ, माही मागं ठेवता का?"

"मागं कोणीच नाई, बाई."

"येईल ना पोरगी."

मी बाटली घेतली. पायरीच्या अगदी कडेला ठेवली. ठेवताना बुडाला तळहात लावला, आणि तोंडातून आपोआप निघालं, "बाटली उभी हाय, तुमी बसा."

बाईनं मान डोलावली. माझा बाक रिकामा होता, माठ भरलेला होता. तिनं रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या बंद दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसली.