आयचा धवला आणि माइकमधली घूं

माइक लावून हेडफोन कानावर चढवला की पहिली ऐकू यायची ती घूं. मी बोलायच्या आधी घूं, बोलताना घूं, गप्प बसले तरी घूं. टेबलाखाली कुणीतरी तोंड मिटून सूर धरून बसल्यासारखी. मेली थांबायचीच नाही. एरवी मी तिकडे ढुंकूनही बघितलं नसतं. माझं काम पत्रिका आणि बॅनर डिझाइन करायचं, त्याला माइक कशाला लागतो? पण आयच्या घशातली गाठ वाईट निघाली होती. स्वरयंत्रच काढावं लागेल म्हणून डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि माझ्या लेकीचं लग्न ऑपरेशननंतरचं ठरलेलं.

आमची आय धवलारीण. आम्ही आगरी, बेलापूरच्या खाडीकडचे. चहूबाजूंनी टॉवर उभे राहिले तरी आमच्या लग्नात धवलारीण लागतेच. ती धवले गाते, गाण्यातून देवांना आणि आधी गेलेल्या माणसांना मांडवात बोलावते, मगच पुढचं सगळं. दिघ्यापासून उरणपर्यंत आयनं किती लग्नं लावली असतील, तिलाच ठाऊक नाही. मी मात्र तिचं गाणं कधी कान देऊन ऐकलं नव्हतं.

डॉक्टरांकडून रिक्षानं येताना ती रडली नाही. मीच रडत होते. ती म्हणाली, "नातीच्या लग्नाला धवला माजाच पायजे. तुज्या मशिनीत भरून ठेव."

"भरते, आय."

"नीट भर. मी एकदाच म्हननार हाय. देवाना आवतन एकदाच देताव. सारखी सारखी हाक नाय मारत."

त्या ‘एकदाच’नं माझी झोप उडाली. दुसरा टेक नाही. चुकलं तर चुकलं. नवरा म्हणाला, "मोबाइलवर कर ना, इतकं काय टेन्शन घेतेस?" करून बघितलं. माझाच आवाज मोबाइलवर भरला आणि लग्नाच्या स्पीकरवाल्याकडे जाऊन मोठ्या स्पीकरवर लावला. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा आला. आयचा आवाज असा डब्यातून येणार? अजिबात नाही. मग कॉम्प्युटरसाठी चांगला माइक आणला, आणि त्याच्यासोबत ही घूं घरात आली.

पहिल्यांदा पंखा बंद केला. घूं. फ्रीज बंद केला, दूध नासलं, घूं तशीच. खिडक्या लावल्या, रस्त्यावरच्या कंटेनरच्या गाड्यांचा आवाज गेला, ही नाही गेली. माइकची वायर कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या पुढच्या भोकातून काढून मागच्या भोकात घातली. थोडा फरक पडला. सेटिंगमध्ये जाऊन माइकचा बूस्ट खाली आणला तर माझा आवाज गेला आणि घूं राहिली. ड्रायव्हर काढला, परत टाकला. इंटरनेटवर जो तो वेगळंच सांगत होता आणि मी बावळटासारखी सगळ्यांचं ऐकत होते. नुसता डोक्याला शॉट. इकडे आयचा आवाज दिवसेंदिवस बसत चालला होता. सकाळी चहा मागितला तरी घोगरा यायचा. मी तिच्यावर खेकसायचे, "आय, बोलू नको, आवाज राखून ठेव!" ती हसायची. म्हणायची, "तुज्या मशिनीचा घसा पयला बरा कर, बाय."

एका दुपारी वैतागून मी कॅबिनेटवर थापड मारली आणि हात तसाच ठेवला. घूं एकदम बारीक झाली. हात काढला, परत मोठी. अगं बाई! हात ठेवला, बारीक. म्हणजे करंट कुठेतरी जायला वाट शोधत होता आणि मी त्याला वाट देत होते. टेबलाखाली वाकून प्लग बघितला. तीन पिनांचा प्लग, पण वरची जाड पिन गायबच. नवऱ्यानं कधीकाळी पक्कडीनं तोडून टाकलेली, का तर दोन भोकांच्या एक्स्टेंशनमध्ये बसत नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अर्थिंगची पिन आहे ती! तोडायला काय झालं होतं?"

"सगळेच तोडतात गं. चाललं ना इतकी वर्षं?"

चाललं! त्याच्याशी भांडायलाही मला वेळ नव्हता. नवी वायर आणली, कॉम्प्युटर भिंतीवरच्या नीट अर्थिंग असलेल्या सॉकेटला लावला. घूं गेली. खरंच गेली. मागे उरली ती अगदी बारीक सुरसुर, तळणीतल्या शेवटच्या बुडबुड्यांसारखी. तीही मला नको होती. सेटिंगमध्ये आजूबाजूचा आवाज काढून टाकायचं एक बटण होतं, ते चालू केलं. आता हेडफोनमध्ये काहीच नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. मी आयला हाक मारली, "ये, झालं."

आय अंघोळ करून, हिरवं लुगडं नेसून आली. खुर्चीवर बसेना. पाट मागितला, समोर तांदळाची ओंजळ मांडली, दिवा लावला. मी माइक खाली आणून तिच्या तोंडापुढे स्टुलाला बांधला, हेडफोन लावला आणि डोळे स्क्रीनवर लावून बसले. ती गायला लागली. घोगरा, फाटका, पण तिचाच आवाज. गावदेवीला बोलावलं, खाडीला बोलावलं, माझ्या बाबांना नाव घेऊन बोलावलं. मला हुंदका आला तो मी गिळला, रेकॉर्डिंगमध्ये येईल म्हणून. एक ओळ म्हणून ती थांबायची. स्क्रीनवर रेष सपाट व्हायची. पुन्हा पुढची ओळ. दम घेत असेल बिचारी, असं मला वाटलं. आणि खरं सांगते, त्या सपाट रेषेकडे बघून मला बरंही वाटत होतं. इतकी स्वच्छ शांतता मी कमावली होती.

संध्याकाळी तिला ऐकवलं. पहिली ओळ झाली, शांतता आली, आय पुढे सरकली. दुसरी ओळ, परत शांतता. तिनं माझा हात धरला.

"मागचं कुठं हाय?"

"मागचं कुठलं?"

"धवलारीन एक ओल म्हनते, मागच्या बाया दुसरी लावतात. जोड. ती नको? मी हलू हलू म्हनलं की सगलं. तुला कलावं म्हनून."

 म्हणजे ती थांबतच नव्हती. प्रत्येक ओळीनंतर बायांची जोडओळ ती तोंडातल्या तोंडात, उरलेल्या आवाजात गुणगुणत होती. कानावर हेडफोन आणि नजर स्क्रीनवर, मला समोर बसलेली आय ऐकू आली नाही. आणि त्या बटणाला ते गुणगुणणं पंख्याच्या आवाजासारखं वाटलं. त्यानं ते वेचून वेचून काढून टाकलं होतं. मी फाइल उलटीपालटी केली, आवाज शेवटपर्यंत वाढवला. त्या जागांमध्ये काही म्हणजे काही नव्हतं.

"आय, परत म्हण. फक्त एकदा. पाया पडते."

"नाय. देवाना बोलवलं, ते आले. आता परत कशी बोलवू?"

मी चिडले, रडले, तिला हट्टी म्हटलं. ती ढिम्म हलली नाही. शेवटी माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "राऊ दे. मांडवात म्हाताऱ्या हायत, त्या लावतील जोड. आनि तुला नुसती मागची ओल शिकवते, गान्यात नाय, अशीच. उद्या. आता दमले मी."

सकाळी तिला श्वास घेता येईना. हॉस्पिटलात नेईपर्यंत ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून नळी घातली, आणि ऑपरेशनही मग लगेच उरकलं. आयचा आवाज पुन्हा आला नाही. ती कधी शाळेत गेलेली नाही, तिला लिहिता येत नाही. काही सांगायचं असलं की हातवारे करायची, मला कळेपर्यंत करत राहायची आणि मग कंटाळून भिंतीकडे तोंड फिरवायची. गावातल्या म्हाताऱ्यांकडे मी शिकायला गेले, तर त्या म्हणाल्या, "तू कशाला? आमी हाव ना. तुज्या आयच्या मागं जलमभर बसल्याव."

लग्नाच्या दिवशी मांडवात आय पाटावर बसली, गळ्याभोवती पांढरा रुमाल. तिच्या मागे त्या म्हाताऱ्या, पुढे हळद लावलेली माझी लेक. मी स्पीकरवाल्याच्या लॅपटॉपवरून फाइल सुरू केली. मोठ्या स्पीकरमधून आयचा आवाज आला. काय आला म्हणून सांगू! डबा नाही, घूं नाही, नुसती माझी आय. ओळ संपली. म्हाताऱ्यांनी जोड लावायला तोंडं उघडली आणि पुढे मुकी बसलेली आय बघून एकीला रडू फुटलं. मग सगळ्यांनाच. तोंडावर पदर घेऊन त्या नुसत्या हलत होत्या. स्पीकर कुणासाठी थांबत नाही. दुसरी ओळ आली. परत ती रिकामी जागा. 

आयनं मागे वळून हात केला, म्हणा म्हणा. कुणाचा कंठ फुटेना. मग तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्यासमोर जाऊन गुडघ्यांवर बसले. तिसरी ओळ सुरू झाली, संपली, आणि आयनं माझी हनुवटी धरून आपले ओठ हलवायला सुरुवात केली. अगदी सावकाश, एकेक शब्द, लहानपणी मला बोलायला शिकवलं असेल तशी. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. नळीतून फक्त हवा येत होती. मी नाही कळलं म्हणून मान हलवली, तिनं परत ओठ हलवले. पुढच्या जागेला परत. त्याच्या पुढच्या जागेला परत. मला त्यातला एकही शब्द कळला नाही.