हळदीत हरवलेला पॅच

पॅच नाण्याएवढा होता आणि पारदर्शक, त्यामुळे लावल्यावर दिसायचासुद्धा नाही. बेंबीच्या खाली चिकटवायचा, आठवड्यातून दोनदा बदलायचा. त्यातलं हार्मोन कातडीतून हळूहळू रक्तात उतरतं. तेच औषध गोळ्यांतून घेतलं की मला दिवसभर उलट्या व्हायच्या, म्हणून डॉक्टरांनी हा मार्ग काढला होता. गर्भाशयाचं अस्तर जाड करणं, एवढंच त्याचं काम. अस्तर पुरेसं जाड झालं की क्लिनिकमध्ये गोठवून ठेवलेला आमचा गर्भ आत सोडणार होते. गर्भ एकच उरला होता. आधीच्या खेपेला अस्तर पातळ राहिलं आणि सगळं रद्द करावं लागलं. या वेळी सोमवारी सोनोग्राफी होती, आणि त्याआधी शनिवारी धाकट्या दिराची हळद.

मी डोंबिवली पूर्वेची, एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणारी. पॅचसोबतचा माहितीचा कागद मी तीनदा वाचला होता. त्यावर ऊन, घाम, वाफ, साबण सगळ्यांविषयी सूचना होत्या. हळदीविषयी काही नव्हतं.

सासर कोपरच्या गावठाणातलं. एके काळी शेती, आता शेतावर इमारती. तिथली हळद म्हणजे नुसता लग्नाचा एक विधी नसतो. मांडवात म्हातारी धवलारीण लग्नाची गाणी म्हणत असते, बाहेर वाजणारे बेंजोवाले तिचं काही ऐकू येऊ देत नाहीत, आणि जो दिसेल तो पिवळा होतो. माझ्या सासूबाई त्या सगळ्याच्या मध्यभागी. त्यांना जाऊन आता पाच महिने झाले. अजून माणसं भेटायला येतात, हळू आवाजात बोलतात, मीही हळू बोलते. मग मधेच तो शनिवार आठवतो आणि मला पाणी आणायच्या निमित्ताने आत जावं लागतं.

दुपारचे चार वाजले असतील. नवऱ्या मुलाची उष्टी हळद वाटीत घेऊन दोन आत्याबाई माझ्याकडे आल्या. एकीने मला कोपऱ्यात ओढलं, दुसरीने पदर बाजूला केला, आणि काय होतंय ते कळायच्या आत माझ्या पोटावर तेलातली हळद फासली गेली. चोळून चोळून.

"अहो आत्या, तिथे नको!"

"गप ऱ्हा गो. तिथंच पायजे."

त्या हसत निघून गेल्या. मी मोरीत जाऊन पोट धुतलं. पॅच नव्हता. साडीच्या घड्या झटकल्या, मोरीत वाकून पाहिलं. कुठेच नाही. नवी पाकिटं सोमवारी मिळणार होती. जवळ एकही नव्हता. मी क्लिनिकच्या नर्सला फोन लावला.

"बिनपॅच राहू नका, मॅडम," ती म्हणाली. "गेल्या वेळचं आठवतंय ना? सापडला आणि चिकटपणा शिल्लक असेल तर तोच लावा, वरून टेप मारा. जरा मोठ्याने बोला हो, मागे काय चाललंय?"

मी मोरीच्या दारातच रडायला लागले. तेवढ्यात सासूबाई आल्या.

"काय झाला गो? आजच्या दिवशी रडतंस कशाला?"

मी सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं काळजीने. पण दुसऱ्याच क्षणी त्या मांडवात उभ्या राहिल्या आणि बेंजोच्याही वरचा आवाज लावला, "थांबवा रे वाजवनं! कोनी हलायचा नाय!"

बेंजो थांबला. धवलारीण मात्र थांबली नाही. तिचं कडवं अर्धं होतं.

"बायांनो, हात दाखवा!"

चाळीसेक बायकांनी हात पुढे केले. सासूबाई एकेक तळवा बघत चालल्या. सगळे पिवळे. हळद फासणाऱ्या आत्याबाई म्हणाल्या, "वहिनी, काय हारवला? अंगठी?" सासूबाई म्हणाल्या, "सुनेचा औषद. तुजे हाताला लागून जेला. हिच्यानंतर कोनाला लावलीस हलद?"

आत्याबाईंनी आठवायला सुरुवात केली. विहिणीला, फोटोवाल्याला, मग मोठ्या बाबांना.

मोठे बाबा म्हणजे माझे चुलतसासरे, वय सत्तरच्या पुढे, अंगात बनियन, खुर्ची टाकून बेंजोवाल्यांसमोर बसलेले. सासूबाईंनी त्यांची मान खाली वाकवली. मानेवर, हळदीच्या पंज्याच्या बरोबर मध्यावर, माझा पॅच. आत्याबाईंच्या तळव्यावर तो पाठीकडून बसला होता, म्हणून चिकट बाजू मोठ्या बाबांच्या वाट्याला आली होती.

मी हात पुढे केला तर त्यांनी मान मागे घेतली. "ऱ्हाऊ दे पोरी. ती पट्टी लागल्यापासून मान दुखायची थांबलीय. बरी आहे."

"मोठे बाबा, ती मानेची नाही. बायकांची आहे."

"मग माजे मानेला कशी चालली?"

"भावोजी, ती पट्टी पोर होयाची हाय," सासूबाई म्हणाल्या. "ठेवा. नवव्या महिन्यात ओटी भरू तुमची."

सगळा मांडव हसत सुटला. फोटोवाला खाली बसला. मोठ्या बाबांनी दचकून स्वतःच पॅच ओढला आणि माझ्या हातावर ठेवला. सोबत त्यांच्या मानेचे तीन पांढरे केस आले. आम्ही सासू-सुना आतल्या खोलीत गेलो. केस काढायचे तर हसू आवरत नव्हतं. एक केस राहिलाच. "राहू दे," सासूबाई म्हणाल्या, "बाबांचा आशीर्वाद." पोटाच्या दुसऱ्या बाजूला, कोरड्या जागी, पॅच लावून त्यांनी वर इतका टेप मारला की सोमवारी तो काढताना मी ओरडले.

सोमवारी माजिवड्याच्या क्लिनिकला त्या हट्टाने माझ्याबरोबर आल्या. बाकावर बसल्यावर पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "आत्यांना मीच सांगितलेला. नवऱ्याची हलद कुशीला लावली तर कूस भरते, माजी आय बोलायची. मना काय माहीत तिथंच औषद हाय." त्यांचे डोळे भरले होते. "माजे पायी परत रद्द झाला तर?"

नेमकं तेव्हाच आत बोलावलं.

डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळवला. "छान जाडी आलीय. शुक्रवारी गर्भ सोडू या."

सासूबाई खुर्चीवरून उठल्या. दोन मिनिटांपूर्वीची रडवेली बाई मला कुठे दिसेना.

"बगा," त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "तुमचा औषद आनि आमची हलद."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. कागद तीनदा वाचलेली मी, गंभीर चेहरा करून मान डोलावली.

"बरं," डॉक्टर म्हणाले, "निम्मं निम्मं."

"निम्मा कसा?" सासूबाई म्हणाल्या. "तुमचा तर दोन दिवस भावोजींच्या मानेवर होता."

दोन दिवस नव्हता, पण मी ते बोलून दाखवलं नाही. दोन तासही नाही, जेमतेम अर्धा तास. त्या शुक्रवारी सोडलेला गर्भ राहिला. मुलगी आता पहिलीत आहे. हे दोन दिवस सासूबाईंनी पुढे शेवटपर्यंत सगळ्यांना सांगितले, आणि दर वेळी मी शेजारी बसून, हो, दोन दिवस, असंच म्हणत आले.