गिअरबॉक्सवरचं कुंकू

बंगळुरातल्या शिवाजीनगरच्या बसस्टँडामागं मोटरसायकलींच्या सुट्या भागांचं एक दुकान होतं. तिथं मी टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा क्लच कशाला म्हणतात हेही मला ठाऊक नव्हतं. दोन वर्षांत मी मालकांपेक्षा शहाणी झाले. हे माझं मत नव्हे, मालकांचंच होतं, आणि गिऱ्हाइकांसमोर ते तसं बोलून दाखवीत. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला हे ऐकवणं बरं नव्हे, एवढं आता कळतं.

साठ सालाच्या आगेमागेची ही गोष्ट. बंगळुरात तेव्हाच्या बऱ्याचशा मोटरसायकली विलायती, त्यांतल्या कितीतरी युद्धानंतर लष्करानं लिलावात काढलेल्या. त्यांचे भाग इकडं मिळत नसत. आमच्या दुकानाची ऑर्डर मद्रासच्या एजंटामार्फत सहा महिन्यांतून एकदा जायची, तीही आयातीच्या परवान्यात बसेल तेवढीच. मग माल बोटीनं यायला आणखी पाच-सहा महिने. एक आकडा चुकला की वर्ष पाण्यात.

म्हणून आमच्याकडं एक रीत होती. गाडीचा नंबर कुणी तोंडी सांगितला तर घ्यायचा नाही. इंजिनावर ठोकलेल्या आकड्यांवर पातळ कागद धरायचा आणि त्यावर पेन्सिल आडवी घासायची, म्हणजे आकडे कागदावर उमटतात. तो कागद घेऊन कंपनीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक उघडायचं. नंबरावरून साल कळे, सालावरून पान, आणि पानावर सगळे भाग सुटे करून काढलेलं चित्र असे. चित्रातल्या प्रत्येक तुकड्याला आकडा. मेकॅनिक लोक 'ती आतली बांगडी', 'तो टोपीवाला खिळा' असं काहीबाही मागत. मी चित्र पुढं सरकवी, ते बरोबर त्या तुकड्यावर बोट ठेवीत आणि मी आकडा टाइप करी. यंत्र त्यांना कळत होतं, मला फक्त पुस्तक वाचता येत होतं. पण लोक मान मला देत, आणि मी तो घेई.

एका दसऱ्यानंतर चार दिवसांनी कॉटनपेठेतले एक गृहस्थ दुकानात आले. आमच्यासारख्याच, पिढ्यान्‌पिढ्या इकडं राहिलेल्या मराठी घरातले, पन्नाशीचे, बोलायला मोजके. मी त्यांना अण्णा म्हणे. ते वयानं एवढे मोठे असून मला अक्का म्हणत, कारण मी कचेरीतली. रेशमाच्या किड्यांची अंडी चिकटवलेले कागद बंगळुरातून न्यायचे आणि रामनगर-कनकपुराकडच्या खेड्यांत किडे पाळणाऱ्यांना पोचवायचे, हा त्यांचा धंदा. अंडी दहाएक दिवसांत फुटतात आणि उन्हात मरतात. त्यामुळं पहाटे निघून ऊन चढायच्या आत सगळी गावं उरकावी लागत. बसनं ते जमण्यासारखं नव्हतं. पंधरा वर्षं त्या एका मोटरसायकलीवर त्यांनी चाळीस घरं धरून ठेवली होती.

दसऱ्याच्या आधी तिचा दुसरा गिअर मोडला. मेकॅनिकनं काढून दिलेलं दातेरी चाक अण्णांनी फडक्यात बांधून आणलं होतं. दिसायला तसली चाकं तीन सालांत तीन मापांची निघाली होती आणि पुस्तकात मापं दिलेली नसत, त्यामुळं नुसत्या नमुन्याचा उपयोग नव्हता. मी पुस्तक, कागद आणि पेन्सिल घेऊन त्यांच्या घरी गेले. दुकानात बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांतली मी नाही, हे मला तेव्हा सगळ्यांना दाखवायचं असे.

गाडी दारातच उभी होती. मोडकी असली तरी आयुधपूजा झालेली होती, हँडलला झेंडूची माळ सुकत होती. दरसाल पूजेआधी अण्णा इंजिनाला आणि गिअरबॉक्सला चांदीच्या रंगाचा हात देत, आणि मग त्यांच्या पत्नी त्यावर गंध-कुंकवाचे पट्टे ओढीत. इंजिनावरचे आकडे रंगातूनही बोटाला लागत होते, ते मी उमटवून घेतले. गिअरबॉक्सचा नंबर निराळा, वरच्या अंगाला असतो. तिथं रंगाचे पंधरा थर आणि त्यावर ताजं कुंकू. अण्णा रॉकेलचं फडकं घेऊन गुडघ्यावर बसले.

मी म्हणाले, "राहू दे, अण्णा. पूजेचं कुंकू पुसू नये. इंजिनाच्या नंबरावरून सगळं कळतं."

ते फडकं हातात धरून माझ्याकडं बघत राहिले. "नक्की का, अक्का?"

मी पुस्तक उघडून त्यांच्यापुढं धरलं. त्यातलं अक्षरही त्यांना वाचता येत नव्हतं, हे मला माहीत होतं. त्यांनी पान नीट पाहिलं, 'सरी', म्हणजे बरं, म्हणाले आणि फडकं ठेवून दिलं. त्यांच्या पत्नींना बरं वाटलं. त्यांनी मला कॉफी दिली, आणि मीही आपण किती धर्माचं वागलो या समाधानात ती प्याले.

ऑर्डर गेली. त्या महिन्यांत अण्णा ओल्या फडक्यांत अंडी गुंडाळून बसनं जात. बस वाटेत थांबे, खेड्यातली चार कोस चाल दुपारवर जाई. दोन खेपांना अंडी मेली. लोक वाईट नव्हते, पण त्यांचे किडे वेळेवर निघायला हवे होते, ते दुसऱ्याकडून घेऊ लागले. अण्णा मधूनमधून दुकानात येत, एखादा बल्ब किंवा केबल घेत आणि गिअरविषयी अवाक्षर न काढता जात. मी मात्र देव पाण्यात घालून बसले होते.

चैत्रात पार्सल आलं. गिअर घेऊन मी मेकॅनिकबरोबर त्यांच्या घरी गेले. चाक दांड्यावर चढेना. मेकॅनिकनं दोनदा फिरवून पाहिलं, मग काही न विचारता गिअरबॉक्सचा वरचा भाग रॉकेलनं पुसला आणि स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडला. मिनिटभरात नंबर वर आला. त्याच्या सुरुवातीचं सालाचं अक्षर इंजिनावरच्यापेक्षा निराळं होतं. इंजिन एका सालाचं आणि गिअरबॉक्स दुसऱ्या, असा तो प्रकार होता. काखेत कळसा म्हणतात तो असा.

मी तोंड उघडायच्या आत अण्णा मेकॅनिकला म्हणाले की विलायतेहून चुकीचा माल आला. मेकॅनिकनं विलायतेला दोन शिव्या हासडल्या आणि तो हत्यारं गोळा करून गेला. दुकानात मालकांनीही एजंटाला तक्रारीचं पत्र लिहायला सांगितलं, आणि ते मी टाइप केलं. त्याची लाज मला आजही वाटते. दुसऱ्या ऑर्डरीत योग्य आकडा टाकला तेवढाच काय तो शहाणपणा.

तो गिअर कार्तिकात आला. तोवर चाळीसांतली सहा घरं उरली होती. एवढ्यासाठी पेट्रोल जाळणं परवडेना, म्हणून अण्णांनी फेरी सोडून एका व्यापाऱ्याकडं कोष तोलायची नोकरी धरली होती. तरी गिअर न्यायला ते स्वतः आले. मी कागदात बांधून दिला आणि ते वळायच्या आत सात महिने गिळून ठेवलेलं वाक्य बोलून टाकलं, की विलायतेची काही चूक नव्हती, चूक माझी होती, गिअरबॉक्स बदललेला असेल हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "गाडी घेतली त्याच वर्षी तो मीच बदलून घेतला होता. पहिला फुटका निघाला."

मला आधी राग आला. मग मी विचारलं, एवढं माहीत होतं तर त्या दिवशी बोलला का नाहीत?

अण्णांनी पुडकं पिशवीत ठेवलं. "तुम्ही पुस्तक उघडून दाखवलंत, अक्का. मला वाटलं, त्यात तेही लिहिलेलं असेल."