कागदावर लिहिलं होतं, 'पाळी नियमित'

मित्रांनो, आज सकाळी नातीवर फार ओरडलो.

ती डॉक्टरकी शिकते, सुट्टीत माझ्या दवाखान्यात बसते. पोटदुखीची एक बाई सासूबरोबर आली. नातीनं लिहिलेल्या कागदावर 'पाळी नियमित' असं होतं.

"तिला विचारलंस?"

"सासू समोर होती, आजोबा."

मी सासूला बाहेर बसवून विचारलं. सुदैवानं काळजीचं काही नव्हतं. तरी ओरडलो.

सत्तरच्या दशकात मी सांगलीत शिकत होतो. मे महिन्यात तासगावकडची एक तरुण बाई पोट धरून वॉर्डात आली. ती पदर ओढून गप्प, उत्तरं सगळी सासऱ्यांची. "पोरगा फौजेत हाय, दिवाळीपास्नं घरी आला न्हाई," हेही त्यांनीच सांगितलं. आता त्यांच्यासमोर पाळीचं कसं विचारायचं? मी 'नियमित' लिहून मोकळा झालो. निदान लिहिलं, अपचन.

दोन तासांनी सर आले. तिचा पांढराफटक चेहरा पाहून त्यांनी आधी सासऱ्यांना बाहेर पाठवलं. तेव्हा ती पुटपुटली, "दोन म्हैनं झालं, आली न्हाई."

गर्भ पिशवीऐवजी नळीत राहून नळी फुटली होती. ती ऑपरेशनच्या टेबलावरच गेली.

सर रागावले नाहीत. माझा कागद तेवढा माझ्या हातात परत दिला.

नात सकाळपासून जेवलेली नाही. तिला हे सांगू का? सांगायचं तर तो कागद कपाटातून काढून दाखवावा लागेल, आणि त्यावरच्या 'नियमित'चं अक्षर फार सुरेख आहे.