पाणी आलेलं कळायला

आठवडाभर घरात कुठेतरी पाण्याचा बारीक आवाज येत होता. भिंतींना कान लावून लावून मी दमले. प्लंबरने वॉशर बदलले, फ्लशची टाकी उघडून पाहिली आणि “काही नाही हो ताई” म्हणून तो गेला.

आज दुपारी सापडलं. ड्राय बाल्कनीतला नळ किंचित सोडलेला, खाली बादली. सासूबाईंचं काम.

“अगं, पाणी आलेलं कळायला नको का?”

जुन्या घरी पाणी तासभरच यायचं. नळ उघडा ठेवून त्या स्वयंपाक करायच्या, कान मोरीकडे. इथे चोवीस तास पाणी असतं, हे मी आज पुन्हा सांगितलं नाही. नळ घट्ट बंद केला. घर गप्प झालं.

लगेच आतून त्यांनी विचारलं, “गेलं का गं पाणी?”

मी नळ पुन्हा जरासा सोडला.